ठसका न लागणारं व्यसन

पहिली सिगारेट ओढलेल्या कुणालाही विचारा, त्याला ठसका आठवतो. डोळ्यांत पाणी, घशात जळजळ, पोटात ढवळणं. शरीर आपल्या परीनं सांगत असतं की हे आत घ्यायचं नाही, आणि बरीच मुलं तिथेच थांबतात. व्हेपनं, म्हणजे ई-सिगारेटनं, नेमका तो ठसका काढून घेतला. या उपकरणातली सगळ्यात घातक गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी आधी हीच सांगेन. रसायनांची यादी त्यानंतर.

हे आपोआप घडलेलं नाही. २००३ मध्ये होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानं आजच्या ई-सिगारेटचा पहिला नमुना बनवला, तेव्हा तो स्वतः सिगारेट ओढत होता आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेले होते. सिगारेट सोडायला मदत व्हावी, हा त्याचा हेतू होता. त्या सुरुवातीच्या ई-सिगारेटींमध्ये निकोटीन जास्त घातलं की घसा खवखवायचा, त्यामुळे त्याचं प्रमाण आपसूकच मर्यादित राहायचं. २०१५ मध्ये अमेरिकेत ‘जूल’ आली. तिच्या द्रवात निकोटीनबरोबर बेन्झोइक आम्ल होतं. त्यातून निकोटीनचा क्षार तयार होतो, द्रवाचा अल्कधर्मीपणा उतरतो आणि पाच टक्के निकोटीनसुद्धा घशाला न बोचता खाली जातं. द्रवाच्या एका पॉडमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, साधारण वीस सिगारेटींच्या पाकिटाएवढं निकोटीन असे. दिसायला पेन ड्राइव्ह, चवीला आंबा किंवा पुदिना. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी गेल्या महिन्याभरात व्हेप ओढल्याचं सांगितलं. चारात एकाहून जास्त.

एका झुरक्यात काय होतं ते जवळून पाहू. आत छोटी बॅटरी असते, द्रवात भिजलेला कापूस आणि त्याला लागून धातूच्या बारीक तारेचं वेटोळं. झुरका घेतला की तार क्षणात दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास, कधी त्याहून वर तापते आणि कापसातला द्रव उडतो. लोक त्याला वाफ म्हणतात, पण हे भातावरच्या झाकणाखाली साचणारं पाणी नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि चवीची रसायनं यांचे ते अतिसूक्ष्म थेंब आहेत, श्वासनलिकांच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचण्याइतके बारीक. तापलेल्या ग्लिसरीन-ग्लायकॉलचं विघटन होऊन त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतात. कापूस सुकत आला आणि तार जास्त तापली की त्यांचं प्रमाण वाढतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज व्हेप ओढणाऱ्या ५६ जणांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या मूळ द्रवात फारसे धातू नव्हते. तारेवरून गेलेल्या थेंबांत मात्र शिसं, निकेल आणि क्रोमियम सापडलं.

चवींचं प्रकरण वेगळं आहे. ‘खाद्यपदार्थांत चालणारा फ्लेवर’ असं पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण पोटात गेलेलं आधी यकृतातून गाळून निघतं. फुफ्फुसात गेलेल्याला तशी चाळणी नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या एका पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांनी हे भोगलं आहे. लोण्याचा वास देणारं डायअ‍ॅसिटिल हुंगून त्यांच्या सर्वांत बारीक श्वासनलिका व्रणांनी कायमच्या आवळल्या गेल्याचं २००० मध्ये उघडकीला आलं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ई-सिगारेटचे ५१ फ्लेवर तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायअ‍ॅसिटिल निघालं. मात्र व्हेपमुळे हाच ‘पॉपकॉर्न लंग’ होतो, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. मोबाइलवर फिरणारे त्याचे भयानक फोटो पालकांनी मुलांना दाखवू नयेत, असं मला मनापासून वाटतं. मुलं दोन मिनिटांत शोधाशोध करतात, आणि एक गोष्ट फुगवलेली निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडतो. खऱ्या गोष्टी पुरेशा गंभीर आहेत.

त्यातली सगळ्यात गंभीर २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत घडली. विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या राज्यांतल्या रुग्णालयांत धडधाकट तरुण मुलं धापा टाकत येऊ लागली. खोकला, छातीत दुखणं, ताप, आणि पुष्कळांना उलट्या-जुलाब. न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिली जात, पण जंतू सापडत नसत. सीटी स्कॅनवर दोन्ही फुफ्फुसं दुधी काच लावल्यासारखी धूसर दिसत. डॉक्टरांनी श्वासनलिकेत दुर्बीण घालून सलाइन सोडलं, परत ओढून घेतलं आणि त्यातल्या पेशी रंगवून पाहिल्या, तेव्हा कचरा गिळणाऱ्या पेशींमध्ये तेलाचे थेंब भरलेले दिसले. सगळ्यांमध्ये समान धागा एकच होता, व्हेप. या दोन राज्यांतल्या पहिल्या ५३ रुग्णांचं मध्यक वय १९ होतं.

या आजाराला ‘इव्हाली’ हे नाव मिळालं. फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात ऑक्टोबर २०१९ मध्ये एका किशोरवयीन खेळाडू मुलाची दोन्ही फुफ्फुसं बदलावी लागली. व्हेपमुळे निकामी झालेल्या फुफ्फुसांचं हे पहिलं ज्ञात प्रत्यारोपण.

मुख्य गुन्हेगार सापडला तो व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. त्वचेच्या क्रीममध्ये ते निर्धोक असतं. गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या, व्हेपमध्ये बसवायच्या बेकायदा काडतुसांमध्ये मात्र द्रव दाट दिसावा म्हणून ते मिसळलं जात होतं. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुफ्फुसांतल्या द्रवात ते आढळलं. मग अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला: दोष चोरट्या मालाचा, आपलं साधं निकोटीन व्हेप ठीक आहे. हा निष्कर्ष मला पटत नाही. इव्हालीनं फक्त काही आठवड्यांत होणारी इजा दाखवली. सावकाश होणाऱ्या इजेला इतका ठळक स्कॅन नसतो.

ती इजा कुठे होते? श्वासनलिकांच्या आत सूक्ष्म केसांचा थर असतो, तो कफ आणि धूळ सतत वर ढकलत असतो. निकोटीन या केसांचं काम मंद आणि कफ दाट करतं. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अकरावी-बारावीच्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात व्हेप ओढणाऱ्यांमध्ये सततचा खोकला आणि कफ यांचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होतं. सिगारेटचा हिशेब धरला की हा संबंध सौम्य होतो. पण ज्यांनी पूर्वी व्हेप ओढली आणि सिगारेटला कधीच हात लावला नाही, त्यांच्यातही तो शिल्लक राहिला. यात वयाचा मुद्दा येतो. फुफ्फुसांची क्षमता विशीच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत वाढत असते, मग काही काळ टिकते आणि पुढे आयुष्यभर हळूहळू उतरते. सोळाव्या वर्षी तिची वाढ खुंटली तर साठीतली उतरण आधीच कमी उंचीवरून सुरू होते.

मोठ्यांसाठी वेगळा युक्तिवाद आहे, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. वीस वर्षं रोज पाकीट ओढणारा माणूस सिगारेट पूर्ण सोडून व्हेपवर गेला तर जळणाऱ्या तंबाखूच्या बऱ्याच विषांपासून वाचतो. ब्रिटननं हीच भूमिका घेतली. पण शाळकरी मुलांच्या दप्तरांत रंगीत व्हेप सापडू लागल्यावर त्याच ब्रिटननं १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली. ज्यानं कधी सिगारेट ओढलीच नाही, त्या पंधरा वर्षांच्या मुलाला व्हेपचा फायदा शून्य आहे.

आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी. साठा सोडून बाकी बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी मुंबई-पुण्यात व्हेप मिळते, हे कॉलेजात जाणारं कुठलंही मूल सांगेल. टपरीवर कुणाची तरी ओळख लागते, नाहीतर मोबाइलवरून मागवता येते. बंदी योग्यच होती. पण तिचा एक अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा: इथे मिळणारी प्रत्येक व्हेप चोरट्या बाजारातली आहे. आत काय भरलंय ते कुणीही तपासलेलं नाही, आणि पाकिटावर छापलेल्या टक्केवारीला काही अर्थ नाही. अमेरिकेतली ती काडतुसं अशाच बाजारातून आली होती.

घरात कळणंही अवघड. कपड्यांना वास येत नाही, आला तर स्ट्रॉबेरीचा येतो. आणि दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “सिगारेट ओढतोस का?” मुलगा म्हणतो, “नाही.” तो खोटं बोलत नाही, कारण त्याच्या लेखी व्हेप म्हणजे सिगारेट नव्हेच. तरुण मुलाचा खोकला लांबला, जिना चढताना धाप लागली, तर व्हेपचं नाव घेऊन विचारायला हवं. शक्य असेल तर आई-बाबांना बाहेर बसवून.

सोडायला लागलं की पहिले काही दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोप न लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं. घरच्यांना हा परीक्षेचा ताण वाटतो आणि मुलाला वाटतं की व्हेपच आपल्याला शांत ठेवत होती. ही निकोटीन उतरल्याची लक्षणं आहेत, काही आठवड्यांत ओसरतात. त्या दिवसांत बोलायला १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र आहे. अठराच्या आतलं मूल असेल तर निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्या स्वतःहून आणून देऊ नयेत, आधी डॉक्टरांना दाखवावं.