टर्बो बूस्ट चालू ठेवायचा की बंद? काशीच्या उन्हाळ्यात सापडलेलं उत्तर

माझं आजोळ वाराणसीचं. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. मामाचं घर त्यांपैकीच एक. पणजोबा तीर्थोपाध्याय होते. महाराष्ट्रातून काशीयात्रेला येणाऱ्या यजमानांचं नाव, गाव, कूळ, सोबत कोण आलं होतं, कोणाचं श्राद्ध केलं, हे सगळं ते वह्यांमध्ये लिहून ठेवायचे. काही पानं मोडीत, काही बाळबोध लिपीत.

गेल्या उन्हाळ्यात मामाने या वह्या स्कॅन करायला घेतल्या. कागद इतका जीर्ण झालेला, की पान उलटताना हातात भुगा यायचा. म्हणून मामाचा नियम होता : प्रत्येक पान एकदाच उघडायचं. अडचण होती ती त्याच्या जुन्या लॅपटॉपची. दुपारी काम सुरू केलं की पंखा किंचाळायचा, लॅपटॉप तव्यासारखा तापायचा आणि मध्येच बंद पडायचा. एका दुपारी स्कॅन केलेली पानं जोडून फाइल सेव्ह होण्याआधीच तो बंद पडला. ती सगळी पानं पुन्हा उघडावी लागली. त्यात एका पानाचा कोपरा तुटून मामाच्या हातात आला. त्या कोपऱ्यावर कुठल्या तरी गावाचं नाव होतं. तुकडे झाल्यावर ते कुणालाच वाचता आलं नाही.

दुरुस्तीच्या दुकानातून सल्ला मिळाला, "टर्बो बूस्ट बंद करून टाका, नाहीतर प्रोसेसर जळेल." मामेभाऊ म्हणाला, "बाबा, अजिबात बंद करू नका. पैसे त्याचेच तर दिले आहेत!" मामाने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजी घेऊन बीए केलेली, इंजिनिअर नव्हे. पण रोजचं काम लॅपटॉपवरच चालतं, त्यामुळे हा प्रश्न कधी ना कधी माझ्यासमोरही येणारच होता. मग बसले शोधायला.

हा बूस्ट म्हणजे नेमकं काय?

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो किती वेगाने चालतो ते गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. प्रत्येक प्रोसेसरला एक मूळ वेग असतो, त्याला बेस स्पीड म्हणतात. कामाचा ताण वाढला आणि तापमान व वीज यांची मर्यादा शिल्लक असली, तर प्रोसेसर आपणहून या वेगाच्या वर जातो. काम संपलं की खाली येतो. इंटेलने ही सोय २००८ मध्ये कोअर आय७ प्रोसेसरसोबत आणली आणि तिला टर्बो बूस्ट असं नाव दिलं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये तिला प्रिसिजन बूस्ट म्हणतात.

मामाच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय५-८२५०यू हा प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि बूस्टमधला सर्वाधिक वेग ३.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे दुपटीहून जास्त. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा हा दुसरा असतो, आणि त्याच्या अलीकडे बारीक अक्षरांत 'अप टू' असं लिहिलेलं असतं. या 'अप टू'चा अर्थ एवढाच, की तिथवर जाता येतं. तिथे कायम राहता येईलच असं नाही.

घाटावर नाव वल्हवणारा नावाडी पाहिलाय का? दुसरी नाव आडवी आली, की चार वल्ही जोर लावून मारतो आणि निसटतो. पण अस्सीपासून पंचगंगेपर्यंत तो त्याच जोराने वल्हवत नाही. तसं केलं तर दशाश्वमेधलाच दमून बसेल. बूस्ट म्हणजे ही चार जोरदार वल्ही.

वेग वाढला की उष्णता का वाढते?

प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते. शिवाय जास्त वेगासाठी व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि व्होल्टेजचा परिणाम वर्गाने होतो. समजा, वेग २५ टक्के वाढला आणि त्यासाठी व्होल्टेज १५ टक्के वाढवावं लागलं. हिशेब केला तर वीज सुमारे ६५ टक्के जास्त लागते. म्हणजे पाव पट वेगासाठी दीड पटीहून अधिक वीज! आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते.

ती बाहेर काढायचं काम पंख्याचं. पंखा खोलीतली हवा आत घेतो आणि तापलेली हवा बाहेर टाकतो. खोलीतली हवाच गरम असेल तर तो बिचारा काय करणार? अनेक लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवामानात वापरायचे म्हणून बनवलेले असतात. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंश ही मर्यादा सांगते. वाराणसीत मे-जूनमध्ये बाहेरचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. लू वाहत असते आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी भिंतीसुद्धा गरम लागतात. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

मग प्रोसेसर खरंच जळतो का?

सहसा नाही. बूस्ट ही कंपनीनेच ठरवलेल्या मर्यादेतली सोय आहे. मामाच्या प्रोसेसरसाठी तापमानाची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिच्या जवळ पोहोचताच प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही उष्णता आटोक्यात आली नाही, तर बचाव म्हणून संगणक बंद होतो. मामाचा लॅपटॉप बंद पडत होता तो जळत होता म्हणून नव्हे, जळू नये म्हणून.

पण यातून आणखी एक गोष्ट कळते. धडधाकट लॅपटॉप तापला तर मंद होतो, सहसा बंद पडत नाही. वारंवार बंद पडत असेल, तर दोष बहुधा बूस्टचा नसून उष्णता बाहेर काढणाऱ्या यंत्रणेचा असतो. आम्ही दुसऱ्या एका कारागिराकडून लॅपटॉप उघडून घेतला. पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमद्यासारखा थर जमला होता आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. साफसफाई झाली, पेस्ट बदलली आणि अर्धं दुखणं तिथेच गेलं.

एक सावधगिरी मात्र हवी. बूस्ट आणि ओव्हरक्लॉकिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या पलीकडे प्रोसेसर पळवणं. एएमडीमध्ये 'प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह' असा पर्याय असतो. नाव सारखं वाटलं तरी तो याच प्रकारात मोडतो आणि त्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही. नेमकं माहीत नसेल तर त्याला हात लावू नका.

काशीतल्या महासंगणकाचं काय?

मामाचं घर ते बनारस हिंदू विद्यापीठ हे अंतर काही फार नाही. तिथल्या आयआयटीत 'परम शिवाय' हा महासंगणक आहे. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधला हा पहिला महासंगणक. पुण्याच्या सी-डॅकने तो उभारला आणि १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. क्षमता ८३७ टेराफ्लॉप्स. पुणं आणि काशीचं जुनं नातं असं नव्या रूपातही पुढे चालू आहे, हे ऐकून मामा खूश झाला.

या महासंगणकात इंटेलचे झिऑन गोल्ड ६१४८ हे प्रोसेसर आहेत. त्यांचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि बूस्टमधला सर्वाधिक वेग ३.७ गिगाहर्ट्झ. म्हणजे बूस्टचा प्रश्न तिथेही आहेच. शेकडो प्रोसेसर मिळून एकच गणित सोडवतात, तेव्हा सगळ्यांत मागे राहिलेल्यासाठी बाकीच्यांना थांबावं लागतं. वारीतल्या दिंडीसारखंच. एकटा पुढे पळाला म्हणून दिंडी लवकर पोहोचत नाही. म्हणून वेळेचं अचूक मोजमाप हवं असेल, तेव्हा अशा संगणकांवर काही वेळा बूस्ट बंद ठेवतात. दुसरीकडे, उष्णता काढण्यासाठी खास व्यवस्था केलेली असते. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात तर थंड करण्यासाठी पाण्याचा वापर होतो.

आपल्यासाठी यातली शिकण्यासारखी गोष्ट एकच. आधी थंडाव्याची सोय पाहायची, वेगाचं नंतर ठरवायचं.

कोणी चालू ठेवावा?

बहुतेकांनी. ब्राउझर उघडणं, फोटो उघडणं, एक्सेलमध्ये आकडेमोड, व्हिडिओ कॉल सुरू करणं ही कामं काही सेकंदांची असतात. जोर लावला, काम झालं, प्रोसेसर पुन्हा शांत. इथे बूस्ट बंद केला तर लॅपटॉप उगाचच सुस्त वाटतो. मुलांचा अभ्यास, घरचा हिशेब, ऑफिसचं रोजचं काम यांसाठी तो चालूच असू द्या. डेस्कटॉपला चांगला पंखा असेल आणि खोली थंड असेल, तर काळजीचं कारणच नाही.

कधी बंद करावा?

* काम लांबलचक आणि खोली गरम असेल तेव्हा. शेकडो पानांचं स्कॅनिंग, तासाभराचा व्हिडिओ एक्स्पोर्ट. अशा वेळी बूस्ट सुरुवातीला पळतो, मग तापून मंदावतो, पुन्हा पळतो, पुन्हा मंदावतो. एकूण वेळ फारसा वाचत नाही.
* वीज गेली असेल तेव्हा. बॅटरीवर काम तग धरायला हवं असेल, तर बूस्ट बंद केल्याचा फायदा होतो.
* पंख्याचा आवाज नको असेल तेव्हा. ऑनलाइन मुलाखत, रेकॉर्डिंग, शेजारी झोपलेलं बाळ.
* साफसफाई करूनही लॅपटॉप हात भाजेल इतका तापत असेल तेव्हा. हा तात्पुरता उपाय समजा, मूळ दोष शोधून घ्या.

बंद कसा करायचा?

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल उघडा. पॉवर ऑप्शन्समध्ये आपल्या प्लॅनसमोरच्या 'चेंज प्लॅन सेटिंग्ज'वर आणि मग 'चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज'वर जा. तिथे 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट'खाली 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' दिसेल. त्यात १०० च्या जागी ९९ टक्के लिहा. बहुतेक लॅपटॉपवर या एका टक्क्याने बूस्ट थांबतो. बॅटरीसाठी आणि चार्जर लावलेला असतानासाठी वेगवेगळे आकडे देता येतात. पुन्हा चालू करायचा असेल तेव्हा १०० लिहा.

परिणाम झाला का ते टास्क मॅनेजरमध्ये बघा. 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर क्लिक केलं की 'बेस स्पीड' आणि चालू वेग दोन्ही दिसतात. चालू वेग बेस स्पीडच्या वर जात नसेल, तर बूस्ट बंद झाला. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. तिथे सेटिंग्जमधला 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' हा मोड निवडा. त्याने बूस्ट पूर्ण बंद होत नाही, पण त्याचा जोर कमी होतो.

मोबाइललाही हाच नियम लागू आहे. उन्हात घाटावर व्हिडिओ काढताना फोन तापतो आणि मग अडखळतो, त्याचं कारण हेच. बहुतेक फोनमध्ये असं वेगळं बटण नसतं. तेव्हा कव्हर काढा, सावलीत या आणि थोडा वेळ थांबा. तापलेला फोन फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव जमू शकतं.

शेवटी मामाने काय केलं?

आधी सफाई. मग लॅपटॉप गादीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवला, खालून हवा खेळावी म्हणून. नाजूक पानांचं स्कॅनिंग पहाटे, गंगेवरून जरा गार वारा येतो तेव्हा. दुपारी फक्त जोडाजोडीचं काम, तेही ९९ टक्क्यांवर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दर दहा पानांनी सेव्ह आणि लगेच पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत. हे आधीपासून केलं असतं, तर लॅपटॉप बंद पडूनही तो कोपरा वाचला असता.

दोन दुपारी आम्ही घड्याळ लावून पाहिलं. एकदा बूस्ट चालू ठेवून, एकदा बंद करून. तेवढ्याच पानांना लागलेल्या वेळात चहा गाळून होईल एवढाच फरक पडला. बंद असताना पंखा मात्र शांत होता, आणि त्यानंतर उन्हाळाभर लॅपटॉप एकदाही मध्येच बंद पडला नाही. थंडी सुरू झाल्यावर मामाने स्वतःच आकडा पुन्हा १०० केला. मला फोनवर म्हणाला, "स्वेटर घालावा की नाही हे जसं हवा बघून ठरवतो ना, तसंच आहे हे."

वह्या अजून पूर्ण व्हायच्या आहेत. दिवाळीनंतर अकोल्याहून एक कुटुंब आलं होतं, आपल्या पूर्वजांची नोंद शोधत. मामाने वही बाहेर काढलीच नाही. लॅपटॉपवर पान उघडून दाखवलं. आजीबाईंनी चष्मा लावला, पडद्यावर बोट ठेवलं आणि आपल्या आजेसासऱ्यांचं नाव वाचलं.