‘दिवसाला दोनच ओढतो’
लेखमाला : धूर आणि श्वास – भाग ५

सांगवीतल्या टपऱ्यांवर अख्खं पाकीट घेणारे थोडे. बहुतेक जण सुट्टी मागतात. चाकणच्या कंपनीची बस यायच्या आधी एक, शिफ्ट सुटल्यावर कटिंगबरोबर दुसरी. विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘दिवसाला दोनच ओढतो, त्याने काय होतंय?’ या आठवड्यात त्या ‘दोनच’विषयीच लिहायचं आहे.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका किती ओढली आणि किती वर्षं ओढली, यानुसार चढत जातो. म्हणून माणसाला वाटतं, कमी ओढली की धोकाही त्याच मापात कमी. हृदयाला हा हिशोब लागू पडत नाही. २०१८ साली १४१ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. रोज २० सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषाच्या हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याच्या जवळपास निम्मी वाढ रोज एकच ओढणाऱ्यातही दिसली. धुराच्या थोड्याशा मात्रेनेही रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं आणि रक्तातल्या प्लेटलेट्स चिकट होऊन गुठळी धरू लागतात. विसावरून दोनवर येणं ही सोडण्याची सुरुवात म्हणून चांगलीच, पण तिथे थांबून भागत नाही. बिडीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. मुंबईत सुमारे दीड लाख लोकांच्या पाहणीत बिडी ओढणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं.

सुट्ट्या विक्रीचा मला वाटणारा मोठा तोटा वेगळाच आहे. पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असतो. २०१८पासून व्यसन सोडण्यासाठी मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांकही त्यावर छापतात. सुट्टी घेणाऱ्याच्या हातात यातलं काहीच पडत नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२०मध्ये सुट्ट्या सिगारेटी-बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, ती योग्यच होती. टपरीवर मात्र ती दिसत नाही आणि याची मला खरोखर चीड येते.

सोडल्यावर शरीर फार वेळ लावत नाही. दिवसाभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. ब्रिटनमध्ये १९५१पासून डॉक्टरांचाच अभ्यास झाला. त्याचे ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ साली आले : तिशीत सोडणाऱ्याची साधारण १० वर्षं वाचतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीतही ३. ‘आता या वयात काय सोडायची’ म्हणणाऱ्या आजोबांना यातला शेवटचा आकडा जरूर सांगा.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. नाईट शिफ्टच्या आठवड्यात सोडायला घेऊ नका, फर्स्ट शिफ्ट लागली की घ्या. तलफ येते ती काही मिनिटंच टिकते. तेवढा वेळ टपरीपासून लांब काढायचा. मेडिकलमध्ये निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, पण ते चहाबरोबर चघळलं तर नीट लागू पडत नाही. आधी १५ मिनिटं आणि चघळताना पाण्याशिवाय काही घेऊ नये. थोडं चघळून गालात धरून ठेवायचं. सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागणं म्हणजे फुप्फुसावरचं संकट तोंडावर घेणं. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू, मिश्री वगैरे बिनधुराचे प्रकार घेणारे २४.४ टक्के. पुढचा भाग त्यांच्यासाठी.

एक गोष्ट मात्र आजच सांगायला हवी. सोडल्यावर काही जणांचा खोकला सुरुवातीला वाढतो. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर येतो. त्याला घाबरून परत ओढू नका. पण खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला, ताप किंवा वजनातली घट असली, कफात रक्त दिसलं, तर सोडल्याचा परिणाम समजून घरी बसू नका. धूम्रपानाने क्षयाचा धोका दुपटीच्या वर जातो. सांगवी फाट्याजवळ औंधचं सरकारी उरो रुग्णालय आहे. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी आणि क्षयाचे उपचार, दोन्ही मोफत होतात.