१ नोव्हेंबरची रेघ

पुण्याला ‘पेन्शनरांचे गाव’ म्हणून चिडवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. पर्वती चढणारे आणि बागेतल्या बाकावरून राज्यकारभार चालवणारे पेन्शनर म्हणजे विनोदी लेखकांचे हक्काचे गिऱ्हाईक! पण त्या थट्टेमागे एक गोष्ट गृहीत होती. या माणसाला म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सरकारी आणि अनुदानित नोकरीत लागणाऱ्यांसाठी हे गृहीत संपले. (केंद्राने अशीच रेघ १ जानेवारी २००४ रोजी ओढली होती.) मी महाविद्यालयात लागलो २००९ साली. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ २००४ चे. वर्ग तेच, पेपरांचे गठ्ठे तेच, मुलांच्या जांभयाही त्याच. निवृत्तीनंतर त्यांना अखेरच्या मूळ पगाराच्या निम्मे पेन्शन, वर वाढता महागाई भत्ता. माझ्या मूळ पगार व महागाई भत्त्यातून मात्र दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकार आपली भर घालते आणि सारी रक्कम बाजारात जाते. निवृत्तीच्या दिवशी बाजाराचा नूर कसा असेल, ते त्याचे त्याला ठाऊक.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. ते गेल्यापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. रक्कम मोठी नाही. पण कुठल्या मुलाकडे किती दिवस राहायचे, हे ती स्वतः ठरवते आणि महागाई भत्ता वाढल्याची बातमी माझ्या आधी वाचते. सुनेपुढे तिची मान ताठ आहे, आणि सूनही त्यामुळे सुखी आहे!

सरकारी तिजोरीला हा भार पेलेल का, शेतमजुराला आणि घरकाम करणाऱ्या बाईला कुठले पेन्शन, असे लोक विचारतात. विचारावेच. पण शेजारी अंधार आहे म्हणून आपली पणती विझवावी, हा कुठला न्याय? १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, झालेल्या सेवेचे ते देणे आहे. देणे फेडताना धोका मात्र घेणेकऱ्याच्या गळ्यात बांधायचा, माझा आक्षेप आहे तो एवढ्याशीच.

मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी सात दिवस संपावर गेले. लोकांचे हाल झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर चाके हलली. केंद्राची ‘एकीकृत पेन्शन योजना’ १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. तीत निम्म्या पगाराची हमी आहे, म्हणजे निव्वळ बाजाराच्या भरवशावर म्हातारपण सोडता येत नाही, हे सरकारलाही पटले म्हणायचे.

मात्र पुरत्या निम्म्यासाठी पंचवीस वर्षांची सेवा हवी. कमी भरली तर त्या प्रमाणात काट. आमच्या व्यवसायात ही अट कशी बसायची? एम. ए., नेट-सेट, पीएच. डी., मग वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात धावपळ. आमच्या विभागातला एक तरुण (आम्ही त्याला अजून तरुणच म्हणतो) कायम झाला तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. साठीला त्याची सेवा भरते एकवीस वर्षे. हीच अट त्याला लावली, तर निम्म्याऐवजी ४२ टक्के. आधीची दहा वर्षे तो शिकवतच होता, पण ती कुठल्याच हिशेबात नाहीत.