पाणथरी वाढते तेव्हा

पाणथरी, म्हणजेच प्लीहा, पोटाच्या डाव्या बाजूला शेवटच्या फासळ्यांच्या आड असते. मोठ्या माणसात तिचे वजन दीडशे-दोनशे ग्रॅम भरते आणि पोट चाचपले तरी ती सहसा हाताला लागत नाही.

रक्त गाळणे हे तिचे काम. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. म्हातारपणी तिचा लवचिकपणा गेला की पाणथरीतल्या अरुंद फटींतून ती पार होत नाही आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. प्लेटलेट्सचे तसे नाही. शरीरातल्या जवळपास एक तृतीयांश प्लेटलेट्स पाणथरीत नुसत्या मुक्कामाला असतात. त्यांची ये-जा चालूच राहते.

पाणथरी फुगली की हा मुक्काम लांबतो. खूप मोठ्या पाणथरीत नव्वद टक्क्यांपर्यंत प्लेटलेट्स अडकू शकतात. दंडातून काढलेल्या रक्तात मग आकडा दीड लाखाच्या खाली दिसतो, पण एकूण साठा तितका घटलेला नसतो. सिरॉसिसमध्ये हे नेहमीचे: कडक झालेल्या यकृतातून रक्त नीट पुढे सरकत नाही, ते मागे पाणथरीत तुंबते. आकडा पाहून घरचे हबकतात, पण वरून चढवलेल्या प्लेटलेट्सही बऱ्याचशा तिथेच जाऊन बसतात. तांबड्या-पांढऱ्या पेशीही कमी होतात. शिवाय रक्तद्रव वाढून रक्त पातळ होते, त्यामुळे हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी भासते.

सगळा दोष पाणथरीचा नसतो. अस्थिमज्जा जोमाने पेशी बनवत असेल तरच तो तिच्याकडे जातो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात तर पाणथरी बेंबीपर्यंत वाढूनही पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असू शकतात. तिथे रक्ताचा आजार आधी, पाणथरी नंतर.

सर्वांत घातक प्रकार सिकलसेलच्या लहान मुलांत दिसतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार आढळतो. पाणथरीत अचानक रक्त साचते आणि हिमोग्लोबिन काही तासांत कोसळते. म्हणून आईलाच डाव्या फासळ्यांखाली हात लावून पाहायला शिकवतात.

मलेरिया किंवा काळा आजार बरा झाला की पाणथरी ओसरते, आकडेही सावरतात. ती काढून टाकणे हा शेवटचा उपाय. त्यानंतर प्लेटलेट्स झपाट्याने वाढतात, पण न्युमोकोकससारख्या जंतूंना आवरणारा पहारेकरी जातो. म्हणून लशी शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी टोचतात.