अर्धवट खेळ, पूर्ण किंमत

नागपूर–वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हे गाव विदर्भात तान्ह्या पोळ्यासाठी ओळखले जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले सजवलेले लाकडी नंदीबैल घेऊन बाहेर पडतात. हा बैल सुताराकडून घरी येतो तो पूर्ण होऊनच. ‘आज तीन चाकांवर न्या, चौथे चाक दिवाळीनंतर पाठवतो,’ असे कोणताही सुतार म्हणत नाही. याच मुलांच्या हाती आज जे व्हिडिओ गेम आले आहेत, त्यांच्या बाजारात मात्र हा व्यवहार रूढ झाला आहे.

‘सायबरपंक २०७७’ हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या नामांकित कंपनीने तीनदा तारीख पुढे ढकलून १० डिसेंबर २०२० रोजी हा गेम बाजारात आणला. सुमारे ८० लाख ग्राहकांनी तो आगाऊ मागवून ठेवला होता. जुन्या प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यंत्रांवर तो वारंवार बंद पडू लागला, चित्रे विस्कटू लागली. प्रकाशनापूर्वी समीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती दिल्यामुळे हे दोष आधी लोकांसमोर आलेच नव्हते. आठवडाभरात सोनीने हा गेम आपल्या दुकानातून काढून घेतला व पैसे परत देऊ केले. तो तेथे परतला थेट जून २०२१ मध्ये.

असे का घडते? पूर्वी गेम कॅसेटमध्ये किंवा चकतीवर येत असे. त्यात चूक राहिली तर ती कायमची राहत असे. इंटरनेटमुळे नंतर दुरुस्ती पाठवण्याची सोय झाली आणि त्या सोयीचेच पुढे निमित्त झाले. जाहिरातीवर मोठा खर्च झालेला असतो, सणासुदीचा हंगाम साधायचा असतो, भागधारकांना तिमाहीचे आकडे दाखवायचे असतात. अशा वेळी कात्री लागते ती चाचणीला. त्यातच असंख्य प्रकारच्या फोनवर आणि संगणकांवर तोच गेम चालवून पाहणे हे काम मुळातच किचकट आहे.

भारतातही हा अनुभव नवा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि लगेचच ‘फौजी’ या स्वदेशी गेमची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ रोजी तो आला, तेव्हा अनेकांनी मिळून खेळण्याचा प्रकार त्यात नव्हताच; तो काही महिन्यांनी जोडला गेला. देशाभिमानाने गेम उतरवून घेणाऱ्या अनेक मुलांचा विरस झाला आणि गुगल प्लेवरील त्याचे गुणांकन झपाट्याने खाली आले.

लहान गावातील कुटुंबाला या दुरुस्त्यांचा भार अधिक जाणवतो. मोठ्या गेमची एकेक दुरुस्ती कित्येक जीबींची असते. मोबाइलच्या रोजच्या मर्यादित डेटावर ती उतरवणे म्हणजे दोन-तीन दिवसांची शिदोरी एकदम संपवणे होय. म्हणजे माल सदोष आणि तो सुधारून घेण्याचा खर्चही ग्राहकाच्याच माथी!

तथापि या रागाचे लक्ष्य नीट ठरवले पाहिजे. कोड लिहिणारे कर्मचारी क्वचितच तारीख ठरवतात. सायबरपंकच्या वेळी त्यांना शेवटच्या आठवड्यांत सहा दिवस राबावे लागले होते. कंपनीच्या संस्थापकाने पुढे माफी मागताना दोष व्यवस्थापनाचा असल्याचे मान्य केले. कंपनीने नंतर दुरुस्त्या चालू ठेवल्या आणि २०२३ पर्यंत गेमला नवे रूप दिले. २०१६ मधील ‘नो मॅन्स स्काय’ या गेमच्या निर्मात्यांनीही वर्षानुवर्षे विनामूल्य भर घालून गमावलेला विश्वास परत मिळवला. चूक होणे हा गुन्हा नव्हे. पैसे घेऊन पाठ फिरवणे हा आहे.

मग घराने काय करावे? पहिला नियम संयमाचा: आगाऊ पैसे देऊ नयेत. प्रकाशनानंतर काही आठवडे थांबून, आपल्याकडील यंत्रावर गेम कसा चालतो हे इतर खेळाडूंकडून जाणून घ्यावे. दुसरा नियम तत्परतेचा: स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांहून कमी खेळ झाला असल्यास परतावा मागता येतो, गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत मागणी करण्याची सोय आहे. तिसरा नियम हक्काचा: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचाही समावेश आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. सिंदीकरांसाठी तो वर्ध्याचा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही.

मुलगा फोन आपटून ‘गेम पुन्हा अडकला’ म्हणतो, तेव्हा ‘खेळच तर आहे’ म्हणून त्याला गप्प करणे सोपे असते. परंतु घरच्या दुकानात कमी मापाचा माल खपवून घेतला जात नसेल, तर त्याची ही तक्रारही त्याच तागडीत तोलली पाहिजे. पावती जपून ठेवणे, दोष नेमक्या शब्दांत लिहिणे, शिवीगाळ न करता परतावा मागणे हे त्याला शिकवावे. पुढे आयुष्यभर ग्राहक म्हणून आणि उद्या व्यापारी म्हणूनही हे शिक्षण त्याच्या उपयोगी पडेल.