नवख्या घोड्याची पारख : तंजावरची पोथी आणि अडथळ्यांची शर्यत

तंजावर : ज्या घोड्याने अद्याप काहीच जिंकलेले नाही, त्याची योग्यता कशी ठरवावी, हा प्रश्न अश्वपालनाइतकाच जुना आहे. त्याचे एक उत्तर येथील सरस्वती महाल ग्रंथालयातील पोथीत सापडते. दुसरे युरोपातील अडथळ्यांच्या शर्यतींनी दिले.

नायक राजांच्या काळापासूनचा येथील ग्रंथसंग्रह भोसले घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी विशेष वाढवला. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यानंतर त्यांनी आपले लक्ष विद्याव्यासंगाकडे वळवले होते. नकुलाच्या नावावर असलेले संस्कृत ‘अश्वशास्त्र’ या ग्रंथालयाने १९५२ मध्ये सचित्र प्रसिद्ध केले. महाभारतातील नकुल अज्ञातवासात विराटाच्या पागेत अश्वपाल होता, म्हणून या ग्रंथाचे कर्तृत्व परंपरेने त्याच्याकडे जाते.

अश्वशास्त्राच्या परंपरेत घोड्याचा रंग, दात, चाल आणि अंगावरील केसांचे भोवरे यांवरून परीक्षा केली जाते. यातील दातांची कसोटी आजही टिकून आहे. साधारण अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान घोड्याचे पुढचे दुधाचे दात क्रमाने बदलतात, त्यामुळे कोवळ्या घोड्याचे वय बऱ्यापैकी अचूक कळते. भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरवण्याला मात्र असा शास्त्रीय आधार नाही.

दुसरी पद्धत प्रत्यक्ष धावण्याची. १७५२ मध्ये आयर्लंडमधील बटेव्हंट आणि डोनरेल या गावांच्या चर्चच्या मनोऱ्यांदरम्यान कुंपणे व ओढे ओलांडत झालेली शर्यत ‘स्टीपलचेस’चा आरंभ मानली जाते. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पुढे नवख्या घोड्यांसाठी स्वतंत्र गट झाला. चालू हंगामापूर्वी अशी शर्यत न जिंकलेला घोडा साधारणतः ‘नवखा’ ठरतो. अनुभवी घोड्यांसोबत थेट धावल्यास त्याची खरी क्षमता कळत नाही आणि दुखापतीचा धोकाही वाढतो. इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे दरवर्षी मार्चमध्ये होणारी सुमारे ३.२ किलोमीटरची ‘आर्कल’ शर्यत याच गटातील आहे. १९६४ ते १९६६ अशी सलग तीन वर्षे ‘गोल्ड कप’ जिंकणाऱ्या आर्कल या घोड्याचे नाव तिला १९६९ पासून देण्यात आले.

महाराष्ट्रात दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जुनी परीक्षा आजही चालते. गळ्यावरील ‘देवमण’ भोवरा किंवा ‘पंचकल्याणी’ रंग असेल तर भाव चढतो. ‘देवमण’ हा शब्द संस्कृत ‘देवमणि’चे रूप होय. याची दुसरी बाजू अशी, की अशुभ मानला गेलेला भोवरा असलेल्या धडधाकट शिंगराला धावून दाखवण्याची संधी मिळण्यापूर्वीच त्याची किंमत घसरते आणि तोटा पाळणाऱ्याला सोसावा लागतो.

तंजावरच्या पोथीचे मोल म्हणूनच दुहेरी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण तिच्यात जपलेले आहे आणि निरीक्षण कोठे संपून समजूत कोठे सुरू होते, हे तपासण्याचे साधनही तीच आहे.