तेरा वसाहती, तेरा वर्षे

४ जुलै १७७६ रोजी अमेरिका जन्माला आली, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्या दिवशी फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींनी ब्रिटनच्या राजाशी असलेले नाते तोडले, हे खरे. पण जाहीरनाम्याची भाषा अनेकवचनी होती. या वसाहती आता ‘स्वतंत्र राज्ये’ आहेत, असे त्यात म्हटले होते. या राज्यांचे एक राष्ट्र होण्यास आणखी तेरा वर्षे लागली.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अटलांटिक किनाऱ्यावरील या तेरा वसाहतींना एकमेकींपेक्षा लंडन अधिक जवळचे होते. मॅसॅच्युसेट्सचे व्यापारी आणि व्हर्जिनियातील तंबाखूचे मळेवाले यांच्यात फारसे साम्य नव्हते. प्रत्येक वसाहतीची स्वतःची विधानसभा होती आणि कर बसविण्याचा हक्क आपल्याच सभेचा, अशी तेथील लोकांची पक्की समजूत होती. कॅनडातील फ्रेंचांच्या भीतीमुळे ब्रिटिश लष्कराचे संरक्षणही हवेसे वाटत असे. १७६३ मध्ये सप्तवार्षिक युद्ध संपले, फ्रेंचांचा पराभव झाला आणि ती भीती सरली. ब्रिटनच्या डोक्यावरील कर्ज मात्र जवळपास दुप्पट झाले होते. त्याचा काही भार वसाहतींनी उचलावा, असे लंडनला वाटू लागले.

१७६५ च्या स्टॅम्प कायद्याने वृत्तपत्रे, न्यायालयीन कागदपत्रे, एवढेच काय, खेळण्याच्या पत्त्यांवरही कर बसविला. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, तिने आपल्यावर कर बसवावा कसा, हा वसाहतींचा प्रश्न होता. बहिष्कारापुढे नमून १७६६ मध्ये तो कायदा मागे घेण्यात आला. पण वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा अधिकार पार्लमेंटला आहे, असे त्याच वेळी बजावण्यात आले. पुढे काच, कागद, रंग, चहा यांवर जकात आली. १७७० मध्ये त्यातील बहुतेक कर रद्द झाले. चहावरचा तेवढा ठेवला गेला.

स्वस्त चहाचे राजकारण

येथे ईस्ट इंडिया कंपनीचा संबंध येतो. कंपनी आर्थिक संकटात होती आणि लंडनच्या गोदामांत चिनी चहा पडून होता. १७७३ च्या कायद्याने तो थेट अमेरिकेत विकण्याची मुभा कंपनीला दिली. त्यामुळे चहा स्वस्त होणार होता, तरीही वसाहती भडकल्या. स्वस्त चहा घेणे म्हणजे त्यावरील कर निमूटपणे मान्य करणे, हे त्यांनी ओळखले होते. शिवाय कंपनीच्या मक्तेदारीमुळे स्थानिक व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय येणार होता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या.

ब्रिटनने शिक्षा म्हणून बोस्टनचे बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सच्या स्वशासनाला कात्री लावली. इतर वसाहती सावध झाल्या त्या यामुळेच. आज मॅसॅच्युसेट्सची सनद गेली, तर उद्या आपली कशावरून राहील? सप्टेंबर १७७४ मध्ये जॉर्जिया वगळता बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र आले. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली. तरीही समेटाची आशा संपली नव्हती. त्याच वर्षी राजाकडे विनंतीअर्ज गेला. राजाने उलट वसाहतींना बंडखोर ठरविले. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने राजेशाहीवरच घाव घातला आणि सहा महिन्यांत स्वातंत्र्याची घोषणा झाली.

साराटोगाच्या विजयानंतर १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला. ब्रिटनचे शत्रू वाढत होते. भारतात याच काळात, १७७५ ते १७८२, पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू होते. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसने शस्त्रे खाली ठेवली. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात दाखल झाला. १७८३ च्या पॅरिस तहाने ब्रिटनने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले.

राष्ट्र घडविताना

खरी कसोटी पुढेच होती. दूरच्या सत्तेचा जाच सोसलेल्या राज्यांनी आपली मध्यवर्ती सत्ता मुद्दामच दुबळी ठेवली होती. काँग्रेसला कर बसविता येत नसे. राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट पाहायची. नियम बदलण्यास तेराही राज्यांची संमती आवश्यक होती. आयातीवर ५ टक्के जकातीचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे बारगळला. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी, ज्यांत युद्धात लढलेले सैनिकही होते, न्यायालये बंद पाडली, तेव्हा ते बंड मोडण्यासाठी काँग्रेसकडे पैसा नव्हता.

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात पुन्हा बैठक भरली. उपस्थित राहिलेल्या ५५ प्रतिनिधींसमोर मोठ्या आणि लहान राज्यांचा तंटा होता. एका सभागृहात लोकसंख्येनुसार जागा आणि दुसऱ्यात सर्वांना समान, असा तोडगा निघाला. दक्षिणेकडील राज्यांशी झालेली तडजोड मात्र माणुसकीला काळिमा फासणारी होती. प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला गेला आणि गुलामांच्या आयातीवर १८०८ पूर्वी बंदी घालता येणार नाही, असे ठरले. ‘गुलाम’ हा शब्द मात्र राज्यघटनेत कटाक्षाने टाळला गेला.

मंजुरीही सहज मिळाली नाही. न्यूयॉर्कमध्ये घटना ३० विरुद्ध २७ मतांनी संमत झाली. नागरिकांच्या हक्कांची हमी देणाऱ्या दहा दुरुस्त्या १७९१ मध्ये जोडाव्या लागल्या. ३० एप्रिल १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा कुठे त्या अनेकवचनाचे एकवचन होऊ लागले.

सर्व माणसे समान आहेत, असे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिले होते. त्यातून वगळलेल्यांचा प्रश्न १७८७ मध्ये पुढे ढकलला गेला. त्याची किंमत अमेरिकेने १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात मोजली. लाखो माणसे मेली, तेव्हा गुलामगिरी कायद्याने संपली.